चार बोटं गार

मकरपुरा जीआयडीसीत, पत्र्याच्या शेडच्या पोटात
काचेची एक खोली आहे. तिथे माझी नोकरी.
बाहेर मे महिना, त्रेचाळीस.
आत ग्रॅनाइटचं टेबल, वर मीटरभर लांब नळी,
अंगठ्याएवढी जाड, ॲल्युमिनियमची,
दोन्ही तोंडं वेल्डिंगने शिवलेली,
पोटात चमच्यांनी मोजावा एवढा अमोनिया.
बस. पंप नाही, वायर नाही, हलणारं काही नाही.

उपग्रहाची एक कूस उन्हात भाजते,
दुसरी काळोखात गोठते.
या दोघींच्या मधे ही.
तापल्या टोकाशी आतला द्रव वाफ होऊन निघतो,
गार टोकाला जाऊन ऊब उतरवतो
आणि रिकाम्या हाताने परत येतो
आतल्या बारीक खाचा धरून,
निरांजनातलं तूप वातीत चढतं तसा,
कुणी न ढकलता.
पंधरा वर्षं. दुरुस्तीला कोणी जाणार नसतं.

जमिनीवर मात्र तिचे लाड.
तापतं टोक दोन मिलिमीटर वर, डायल गेज लावून.
जास्त उचललं की द्रव खालीच बसून राहतो,
चढायचं नाव काढत नाही.
"वजन ही इथलीच खोड," नटुभाई म्हणतात,
"वर गेली की सुटेल."

मंगळवारी सतरा नंबर लावली.
आलेख बघायच्या आधी मी हात फिरवते.
नियमात नाही, सवय.
कोमट, कोमट, इथून तिथून सारखी कोमट,
आणि शेवटची चार बोटं
गार.

गॅस. कुठून तरी आत राहिलेला,
कशानेच न निवणारा, न भिजणारा,
वाफेने रेटत रेटत कोपऱ्यात नेऊन बसवलेला.
तो करत काही नाही.
नुसती जागा अडवतो.

इद्रीसभाईंनी टोपी काढली, परत घातली.
त्या दिवशी ॲसिटोन संपत आला होता,
शेवटचं धुणं जरा आखडतं झालं.
मी लाल शाईने लिहिलं: नापास.
कोणी कोणाला बोललं नाही.

सुटताना शोकेसमधली तांब्याची कांडी मागून घेतली.
पाहुण्यांना दाखवायची ती.
हिच्यात अमोनिया नाही, साधं पाणी.
नटुभाईंनी का म्हणून विचारलं नाही, सही घेतली.

बाबांना फाल्गुनात झटका आला.
उजवा हात गेला, आणि मराठी.
डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी,
घरातली भाषा बसून राहते,
बाजारातली उठून चालू लागते.
फाउंड्रीत चाळीस वर्षं बोललेलं गुजराती
आता तुकड्यातुकड्यांनी येतं:
पाणी. लाइट. बंध कर.
मला हाक मारतात, "बेन."
एकदाही शालू नाही.

चहा आधी निववून घेतला, करंगळी बुडवून पाहिला.
कांडीचं एक टोक पातेल्यात,
दुसरं त्यांच्या उजव्या मुठीत.
बोटं मीच एकेक करून वळवली तिच्याभोवती.
फिजिओवाली सांगते, गरम द्या, गार द्या,
खरखरीत द्या, देत राहा.

कांडी लगेच तापते. तिचं कामच ते.
मी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून बसले.
इथे आलेख नसतो.
दांडिया बाजारात कुणीतरी शटर ओढत होतं,
अर्ध्यात अडकलेलं, पुन्हा वर, पुन्हा खाली.
चहावर साय धरली.

"गरम छे,"
बाबा म्हणाले.

हो, म्हटलं. गरम आहे.
कांडी काढून घ्यायला गेले
तर मूठ सुटेना.

पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं, अगदी बारीक.
उद्या अठरा नंबर आहे.
इद्रीसभाईंना रात्रीच मेसेज टाकला:
ॲसिटोन दोन कॅन सांगा.